भोपळा केवढा हवा?

बँकेत पस्तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. अर्जदार पिठाच्या गिरणीचा असो, छापखान्याचा असो की लेथ मशीनचा, यंत्राची क्षमता तो गरजेच्या दुप्पट मागणार हे ठरलेले. दहा अश्वशक्तीची मोटर पुरणार असली तरी अर्जात वीसची. कारण विचारले की उत्तर एकच, ‘‘साहेब, पुढेमागे लागेल.’’ हे ‘पुढेमागे’ बहुधा कधी उगवत नाही. हप्ता मात्र दरमहा उगवतो.

गेल्या वर्षी असाच एक प्रस्ताव थेट घरातून आला. आमचा धाकटा इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि सूनबाई बेस गिटार. (लग्नाची बोलणी करताना ही माहिती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना नव्हती. असो.) दोघेही नोकऱ्या सांभाळून हा नाद करतात. त्यांनी स्वतः बांधलेली आठ गाणी तयार होती आणि सूनबाईला चार महिन्यांनी, नोकरीच्या निमित्ताने, दोन वर्षांसाठी डब्लिनला जायचे होते. त्याआधी ती गाणी घरच्या घरी ध्वनिमुद्रित करायची, असा बेत. स्टुडिओचे तासाचे भाडे देऊन आठ गाणी करणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. ‘‘बाबा, एकदाच चांगले घेऊन टाकू,’’ म्हणून चिरंजीवांनी कागद पुढे केला. गिटारसाठी शंभर वॉटचा अॅम्प्लिफायर, बेससाठी तीनशे वॉटचा. दोघांची सगळी शिल्लक त्यात जात होती. जागा कोणती, तर ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली. त्या खोलीच्या भिंतीला लागून पलीकडे शेजारच्या नानांचा पलंग. नानांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा सात महिने झाले होते.

मला गिटारमधले कळत नाही, पण प्रस्ताव वाचता येतो. ‘‘हे यंत्र नेमके काय काम करणार?’’ हा पहिला प्रश्न विचारला आणि पुढचे दोन महिने माझाही त्या विषयाचा अभ्यास झाला. ज्यांच्या घरात असा तरुण किंवा तरुणी आहे, आणि आता त्या बऱ्याच घरांत आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा प्रपंच.

आपल्या पिढीची समजूत अशी की अॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. मांडवात असते तशी. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ही समजूत निम्मीच खरी. ही गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तारेखालचे लोहचुंबक तारेची थरथर विजेत पकडते, पण त्या लाकडात आवाज घुमायला पोकळीच नसते. तंबोऱ्याचा भोपळा काढून नुसती दांडी छेडली तर काय ऐकू येईल? तसे. अॅम्प्लिफायर हा या वाद्याचा भोपळा आहे, आणि एवढेच नव्हे तर त्याची जवारीही आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासते, तिच्यातून वरचे स्वर फुटतात आणि एकाच तारेतून गुंजारव उठतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे ढकलले की ध्वनिलहरींचे शेंडे चेपले जातात आणि असेच नवे वरचे स्वर निर्माण होतात. रॉक संगीतातल्या गिटारचा तो करकरीत, लांबत जाणारा, रडवेला आवाज या ओढाताणीतून येतो. आपल्या वडिलांच्या काळातल्या रेडिओत असत तेच हे व्हॉल्व्ह. रेडिओवाल्यांनी जे दोष म्हणून टाळले, तेच गिटारवाल्यांनी गुण म्हणून पदरात घेतले.

एकदा हे लक्षात आले की शंभर वॉटच्या मागणीतली मेख कळते. जवारी लागण्यासाठी यंत्राला त्याच्या मर्यादेपर्यंत न्यायला हवे. शंभर वॉटचे यंत्र मर्यादेपर्यंत न्यायचे तर समोर मैदान पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीत त्याचे बटण एकाच्या वर सरकणार नाही, आणि एकावर ठेवलेला मोठा अॅम्प बहुधा निर्जीव वाजतो. पाच वॉटचा छोटा अॅम्प मात्र थोड्याच आवाजात घाम गाळू लागतो.

वॉटचा हिशेबही फसवा आहे. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, तो फक्त ३ डेसिबलने वाढतो; नीट कान दिला तर कळेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दसपट करावे लागतात. म्हणजे पाच वॉटऐवजी शंभर वॉटचा घेतला तर वीसपट क्षमतेच्या बदल्यात आवाज मिळतो तो जेमतेम अडीचपट. इतका कमी परतावा देणारा प्रस्ताव मी तरी मंजुरीसाठी वर पाठवला नसता.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर पाच वॉट म्हणजे कुजबुज असा समज व्हायचा. गिटारच्या स्पीकरला एक वॉट दिला तरी एक मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. पाच वॉटला तो शंभराच्या पुढे जातो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणेशोत्सवात हे आकडे आपण दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो, आणि मांडववाल्यांना नावे ठेवतो. मधली भिंत बराच आवाज खाते हे खरे, पण पाच वॉटसुद्धा भिंतीपलीकडे कळणार हे गृहीत धरावे.

‘‘पण मोठ्या लोकांचा आवाज मोठ्या अॅम्पमधून येतो ना, बाबा?’’ हा चिरंजीवांचा युक्तिवाद. मंचावर, होय. १९६५ च्या सुमारास ‘द हू’च्या पीट टाउनशेंडच्या आग्रहावरून लंडनच्या जिम मार्शलने शंभर वॉटचे अॅम्प बनवले, कारण प्रेक्षकांच्या कल्लोळावर मात करायची होती. स्टुडिओत मात्र वेगळीच कथा दिसते. १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिनची पहिली तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली गिटार डोंगर कोसळल्यासारखी वाजते. जिमी पेजने त्यासाठी वापरला होता सुप्रो कंपनीचा एक छोटासा अॅम्प. १९७० साली मायामीत एरिक क्लॅप्टनने ‘लैला’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा फेंडर कंपनीचा ‘चँप’ वापरला. हा नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी काढलेला अॅम्प, पाच वॉटच्या आसपासचा, सुटकेसएवढा.

हे कसे होते? ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन स्पीकरच्या तोंडाशी, बोटभर अंतरावर ठेवतात. माइकला खोली दिसत नाही. समोरचा कागदी शंकू आठ इंची आहे की तो चार स्पीकरांच्या कपाटातला एक आहे, हे त्याला फारसे कळत नाही. या कामासाठी जगभर वापरला जातो तो शूर कंपनीचा एस.एम. ५७ हा माइक १९६५ पासून आहे, दणकट आहे, आणि मंत्र्यांच्या भाषणांच्या छायाचित्रांत त्याची जातभाई मंडळी आपण पाहिलेली आहेत. तो शंकूच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार येतो, कडेला सरकवला तर मऊ. चिरंजीवांनी एका रविवारी हा माइक चार-चार आंगळे सरकवत आवाज टिपले. अॅम्पवरची सगळी बटणे पिळून जेवढा फरक पडत नव्हता, तेवढा दोन आंगळांनी पडला. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी आधी हा खेळ करून पाहावा.

आता सूनबाईंकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथेच होता.

बेस गिटार म्हणजे खर्जाचे वाद्य. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा, तर बेसचा त्याच्या निम्मा, ४१. चाळीसेक कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. आमची खोली लांबीला चार मीटरसुद्धा नाही. अशा खोलीत खर्ज मोकळा वाजत नाही. भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात तो दुप्पट होतो आणि मध्यभागी एखादा स्वर गायबच. उत्तम अॅम्प आणला तरी माइक त्या खोलीचा गोंधळच टिपणार. शिवाय बारीक आवाज भिंत अडवते, खर्ज अडवत नाही.

ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून कळली नाही. सूनबाईंच्या मित्राने त्याचा बेसचा अॅम्प चार दिवसांसाठी दिला होता. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास वाजवून झाल्यावर शेजारच्या काकू आल्या. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘आवाजाचं काही नाही हो. पण यांचा पलंग थरथरतो. बोलता येत नाही ना, मग डोळे गच्च मिटून घेतात.’’ सूनबाईंनी तिथल्या तिथे यंत्राची वायर काढली. रात्री जेवताना ती म्हणाली, ‘‘बाबा, बेस राहू दे. गिटारची तेवढी गाणी करू.’’ चार महिन्यांतले तीन आठवडे तोवर गेले होते, आणि आठांपैकी पाच गाण्यांच्या चाली तिच्या होत्या.

यावर तोडगा निघाला तो डेट्रॉइटच्या एका घरात. बेरी गॉर्डी या गृहस्थाने १९५९ साली तिथे मोटाउन ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. राहत्या वस्तीतले साधे घर, त्यातच स्टुडिओ. जागा एवढी अपुरी की प्रत्येक गिटारवाल्याचा अॅम्प मांडला तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरायचा. म्हणून तिथल्या तंत्रज्ञांनी गिटारी आणि बेस थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडण्याची सोय केली. या जोडणाऱ्या डबीला डी. आय. बॉक्स म्हणतात. साठच्या दशकात मोटाउनच्या गाण्यांनी अमेरिकेला डोलायला लावले, त्यांतल्या असंख्य गाण्यांचा बेस जेम्स जेमरसन या एकाच वादकाचा. तो तारा छेडायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने, आणि तारा सहसा बदलायचा नाही. त्याचा तो गुबगुबीत, बोलका खर्ज आपण ऐकतो तो मुख्यतः असाच, अॅम्प मध्ये न घेता थेट तारेतून आलेला.

गिटारला हे का चालत नाही आणि बेसला का चालते? बेसला सहसा जवारीची गरज नसते. तिथे स्वराचा गोळा स्वच्छ, गोल आणि ठाम हवा. करकरीत गिटार थेट जोडली तर मात्र कानाशी डास घोंघावल्यासारखी वाजते, कारण गिटारचा स्पीकर वरची कर्कश कंपने स्वतःच गाळून टाकतो आणि थेट जोडणीत ती गाळणी नसते. (बेस गिटार चुकूनही गिटारच्या छोट्या अॅम्पला जोरात वाजवू नये. खर्जाच्या धक्क्यांनी त्याचा स्पीकर फाटतो.)

तेव्हा प्रस्तावातला तीनशे वॉटचा अॅम्प बाद झाला. अशी अवाढव्य यंत्रे कशासाठी जन्मली हेही त्या निमित्ताने वाचले. अँपेग कंपनीचा तीनशे वॉटचा प्रसिद्ध बेस अॅम्प १९६९ सालचा, रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यातल्या मोठमोठ्या सभागृहांसाठी. त्याच कंपनीचा १९६० सालचा बी-१५ हा पंचवीस-तीस वॉटचा अॅम्प स्टुडिओवाल्यांच्या गळ्यातला ताईत होता. ज्यांना बेसवर अॅम्पचा रंग हवाच आहे त्यांनी या धाकट्या भावंडाच्या वंशातले काही पाहावे, पण तेही बंगल्यात.

आमच्याकडे बेससाठी आली ती संगणकाला जोडायची एक डबी, ऑडिओ इंटरफेस. घेताना एवढेच पाहावे की तिच्यावर वाद्यासाठीची वेगळी खाच आहे. ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे लिहिलेले असते. माइकच्या खाचेत गिटार खुपसली तर आवाज बोदा येतो. सूनबाई हेडफोन लावून रात्री अकराला वाजवायची, आणि पलीकडे नाना झोपलेले असायचे. घरात ऐकू यायची ती तारांवर बोटे आपटल्याची टपटप. सहा गाण्यांचा बेस ती जाण्याआधी पूर्ण झाला. उरलेल्या दोन गाण्यांचा डब्लिनहून आला. डबी तिच्या सामानात मावली, हा त्या डबीचा आणखी एक गुण.

हेडफोनचा मार्ग गिटारलाही मोकळा आहे, आणि त्याची कुळकथा मला फार आवडली. टॉम शोल्झ हा बॉस्टनजवळच्या एम.आय.टी.तून शिकलेला अभियंता. पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी घराच्या तळघरात एकटाच गाणी ध्वनिमुद्रित करायचा. मोठा अॅम्प पूर्ण ताकदीने चालवून त्याचा आवाज मात्र खाली उतरवणारे एक उपकरण त्याने बनवले. या तळघरातल्या कामातून १९७६ साली ‘बॉस्टन’ नावाच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. एकट्या अमेरिकेत तिच्या विक्रीची नोंद १ कोटी ७० लाखांपर्यंत गेली आहे. पुढे १९८२ मध्ये शोल्झने ‘रॉकमन’ काढला. खिशातल्या टेपरेकॉर्डरएवढी, बॅटरीवर चालणारी, हेडफोन जोडायची पेटी. नोकरी सांभाळून रात्री लिहिणाऱ्या माणसाला शोल्झबद्दल आपुलकी वाटणे साहजिक आहे.

रॉकमनची पतवंडे आज संगणकात राहतात. नामांकित अॅम्पची नक्कल करणारी लाइन सिक्स कंपनीची ‘पॉड’ ही मूत्रपिंडाच्या आकाराची लाल पेटी १९९८ मध्ये आली. आता न्यूरल अॅम्प मॉडेलर नावाचे सॉफ्टवेअर चक्क विनामूल्य मिळते. आमच्या चिरंजीवांनी डोळे बांधून घेऊन खरा अॅम्प कोणता आणि नक्कल कोणती हे ओळखण्याचा प्रयोग केला. निकाल त्यांनी मला सांगितला नाही, यावरून काय ते समजावे. एकच अडचण : तार छेडणे आणि आवाज कानात येणे यांत संगणक किंचित वेळ खातो. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे अॅम्पपासून साडेतीन मीटर दूर उभे राहण्यासारखे; तेवढे चालते. त्याच्या दुप्पट-तिप्पट झाले की वादकाचा हात अडखळतो.

मग खरा अॅम्प घ्यावाच कशाला? हा प्रश्न मीच विचारला होता. मुलाचे उत्तर मला पटले. खऱ्या स्पीकरसमोर उभे राहिले की हवा अंगावर येते, तार त्या आवाजाने पुन्हा थरथरते, वाजवणारा वेगळे वाजवतो. नुसत्या आवाजात फरक नसेल, वाजवण्यात पडतो. तेव्हा पाच वॉटचा, व्हॉल्व्हचा, एकाच स्पीकरचा अॅम्प मंजूर झाला. मी स्वतः काकूंना विचारून आलो. नानांचा फिजिओथेरपिस्ट अकरा ते बारा येतो, तेव्हा ते पुढच्या खोलीत खुर्चीवर असतात. रविवारी तो तास आमचा ठरला. अॅम्प कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून, भोवती गाद्या आणि आजीच्या हातच्या दोन गोधड्या. बाराच्या ठोक्याला बंद.

घेण्याआधी विजेचे पाहा, हे मात्र हात जोडून सांगेन. गिटारच्या तारा अॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटेही. जुन्या चाळींत, वाड्यांत भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला पुष्कळदा वायरच नसते. काही उत्साही मंडळी घरघर कमी होते म्हणून प्लगचा अर्थिंगचा पाय कापूनही टाकतात. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून भर मंचावर गेला. व्हॉल्व्हच्या अॅम्पच्या पोटात तीनचारशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही काही काळ ते तिथे दबा धरून बसतात; तो घरी उघडायचा नाही. स्पीकर न जोडता चालूही करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवणार असाल तर तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मागच्या पट्टीवर काय लिहिले आहे ते आधी वाचून घ्यावे. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीची अर्थिंग तपासली, आणि वाचलेल्या पैशातला पहिला खर्च तोच झाला.

दुकानात जाताना मुलाने स्वतःची गिटार नेली, कारण दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अॅम्प गोड वाजतो. विक्रेत्याने आवाज वाढवून दाखवला; सूनबाईंनी तो कमी करायला सांगितला, घरी जेवढा ठेवणार तेवढा, आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून दुकानाबाहेर रिक्षाच्या गोंगाटात दोघांनी हेडफोनवर ऐकला. चार अॅम्प असे ऐकून तिसरा घेतला. त्याचा खोका माळ्यावर जपून ठेवला आहे. खोक्यासकट विकला तर चांगली किंमत येते म्हणे.